अकरा घरांचा डोंगर

नेस्टा हॉपकिन निवृत्त झाली त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं, तरी कूमहेलिगमध्ये सगळे तिला अजून 'नर्स' म्हणूनच हाक मारत. तेहतीस वर्षं तिने हे खोरं पालथं घातलं होतं, आधी सायकलवरून आणि मग सरकारने दिलेल्या छोट्या गाडीतून. गावातल्या चाळीसएक माणसांपैकी निम्म्यांनी जगातलं पहिलं रडू तिच्या हातात काढलं होतं. त्यामुळे कुणाच्या दारावर ती टकटक करत नसे. "मी आहे," एवढं म्हणून थेट स्वयंपाकघरात जायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

ती मूळची इथली नव्हे. दक्षिणेकडच्या कोळशाच्या खोऱ्यातली, खाणकामगाराची मुलगी. तिच्या वेल्श बोलण्याला अजून तिकडचा हेल होता आणि दुकानात पोरं तिची नक्कल करायची. तिला त्याचं काही नव्हतं. आपण कोण आहोत आणि आपल्याला काय येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एकोणीसशे त्र्याहत्तर सालच्या जानेवारीत एका बुधवारी, गाण्याच्या तालमीनंतर, चॅपेलच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीत गाव जमलं. बाजाराच्या गावाहून तुडुर पॅरी नावाचा तरुण वकील आला होता. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की बातमी चांगली नाही.

प्रकरण डोंगराचं होतं. गावाच्या माथ्यावरच्या त्या डोंगराला नकाशात काहीतरी लांबलचक नाव आहे, पण गाव त्याला नुसतं 'डोंगर' म्हणतं. उन्हाळ्यात मेंढरं तिथे चरायला सोडायची, आणि मे महिन्यात वरच्या दलदलीतली काळी जळाऊ माती विटांसारखी कापून, वाळवून, वर्षभर चुलीत जाळायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जुन्या अकरा घरांचे अकरा पट्टे ठरलेले. आता कोळसा दारात येऊ लागल्यापासून चारपाच घरंच माती कापत, पण आपला पट्टा कुठे आहे हे कुणी विसरलं नव्हतं. मध्यंतरी नवा कायदा झाला की गावोगावच्या सामाईक जमिनींवरचे हक्क नोंदवून घ्यायचे, नोंदवले नाहीत तर गेले. गावाने वेळेत अर्ज केला होता. पण खालची मोठी हवेली आणि तिच्याबरोबरचा डोंगर मेजर हॅलम नावाच्या इंग्रज गृहस्थांनी विकत घेतला होता. त्यांना तिथे कुंपण घालून पाइनची झाडं लावायची होती, आणि त्यांनी अर्जावर हरकत घेतली होती.

"त्यांचं म्हणणं असं," तुडुर म्हणाला, "की तुमचा हक्क कधी नव्हताच. जुन्या मालकाच्या मेहरबानीवर तुम्ही माती कापत होता, जिथे सापडेल तिथे आणि देतील तेवढी. जुन्या कारभाऱ्याची पत्रं आहेत त्यांच्याकडे. 'गावकऱ्यांना परवानगी दिली आहे' असं त्यात लिहिलंय."

"परवानगी मागितली कुणी होती?" दुकान आणि पोस्ट चालवणारी ओल्वेन म्हणाली. "माझ्या आजोबाने त्या कारभाऱ्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं."

"हेच सिद्ध करायचंय. प्रत्येक घराचा पट्टा ठरलेला होता आणि कुणाला न विचारता ते घर तिथेच कापत आलं, एवढं दाखवता आलं तर तो हक्क ठरतो. कागद आहे का एखादा?"

कागद नव्हता. डोंगरावर कुणी कागद घेऊन जात नाही.

"मग साक्षी," तुडुर म्हणाला. "पण त्यांचा बॅरिस्टर हुशार आहे. तुम्ही सगळ्यांनी चॅपेलमध्ये बसून एक गोष्ट रचली आणि पाठ केली, असं तो म्हणणार."

 नेस्टा चहाचे कप गोळा करत होती. ती थांबली.

"अकरा घरं," ती म्हणाली. "आणि प्रत्येकाला बाकीच्या दहांचे पट्टे माहीत आहेत?"

"नर्स, इथे माणसाला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवणार नाही," ओल्वेन म्हणाली, "पण शेजाऱ्याच्या पट्ट्याची हद्द विचारा."

"मग सोपं आहे. तुडुर, मला डोंगराचे अकरा कोरे नकाशे काढून दे. ओढे आणि मोठे खडक तेवढे हवेत, बाकी काही नको. मी एकेका घरी जाते. माझ्यासमोर बसून प्रत्येकाने अकराही पट्टे काढायचे. काढून झाले की पाकिटात घालून तिथेच लाखेने बंद. ओल्वेन त्यावर पोस्टाचा शिक्का मारेल, तारखेसकट. उघडायची ती थेट सुनावणीत."

"आणि जुळले नाहीत तर?" तुडुरने विचारलं.

"जुळतील. एकाच रोग्याचा ताप दोन नर्सनी वेगवेगळा मोजला आणि आकडा एकच आला, की डॉक्टर वाद घालत नाहीत. मी तेहतीस वर्षं ताप मोजलाय."

ती इतक्या सहज बोलली की तुडुरने वहीत लिहूनही टाकलं.

दुसऱ्या आठवड्यात ती कामाला लागली. रोज सकाळी एक घर. टेबल पुसून घ्यायचं, बाकीच्यांना बाहेर पाठवायचं, नकाशा पसरायचा आणि स्वतः खिडकीशी विणकाम घेऊन बसायचं. काही सुचवायचं नाही, मान डोलवायची नाही. नव्वदीच्या म्हाताऱ्या मार्जेडने पट्टे काढायला तीन तास घेतले. प्रत्येक पट्ट्याबरोबर तिला तिथे झालेलं एखादं प्रेमप्रकरण आठवत होतं. जेवायची वेळ झाली तेव्हा तिने नेस्टाला मटण आणि कांद्याच्या पातीचा गरम रस्सा वाढला आणि म्हणाली, "ही प्रेमप्रकरणं नकाशात नको ना लिहायला? दोघांची नातवंडं अजून चॅपेलला येतात."

नऊ पाकिटं झाली. उरली दोन घरं, हाफोड आणि तालार. ती नेस्टाने मुद्दामच शेवटी ठेवली होती.

हाफोडचा एम्रिस आणि तालारचा इद्वल यांच्यात सव्वीस वर्षं बोलणं नव्हतं. सत्तेचाळीस सालच्या त्या भयंकर बर्फात एम्रिसची दोन तृतीयांश मेंढरं गाडली गेली. वसंतात उरलेल्यांना कोकरं झाली, तर रोज सकाळी एखादं फाडलेलं सापडायचं. एके दिवशी त्याला इद्वलचा कुत्रा, पेरो, आपल्या कुरणात तोंडाला रक्त लागलेला दिसला. त्याने तिथल्या तिथे गोळी घातली आणि कुत्रा इद्वलच्या फाटकाशी आणून ठेवला. तीन आठवड्यांनी पलीकडच्या खोऱ्यातलं एक भटकं कुत्रं कोकराच्या मानेत दात रुतलेलं सापडलं. पेरो बहुधा मेलेल्या कोकराला नुसता हुंगायला गेला होता. एम्रिस काही बोलला नाही. इद्वलनेही काही विचारलं नाही. तेव्हापासून चॅपेलमध्ये एक डाव्या बाजूला बसायचा, दुसरा उजव्या. गाण्यात दोघांचा आवाज खर्जातला, म्हणून एकाच ओळीत उभं राहावं लागे. मधे दोन माणसं ठेवून ते उभे राहत आणि एकाच सुरात गात.

नेस्टा हाफोडला गेली तेव्हा एम्रिस गोठ्याचं दार दुरुस्त करत होता. एकाहत्तर वर्षांचा, उंच, बायको जाऊन दहा वर्षं झालेली. नकाशा बघून त्याने हात धुतले, चष्मा लावला आणि भराभर दहा पट्टे काढले. अकराव्याला पेन्सिल थांबली.

"त्याचं मी काय सांगू? मी त्याचं नाव घेत नाही."

"नाव घेऊ नका," नेस्टा विणकामातून डोळे न उचलता म्हणाली. "रेघ ओढा."

एम्रिसने चाकूने पेन्सिलीला टोक केलं. मग त्याने रेघ ओढली. ओढ्याच्या वळणापासून पांढऱ्या दगडापर्यंत, तिथून पूर्वेला, बाजूला 'सात पावलं' असं लिहून, मग एका चराच्या कडेने खाली. बाकीच्या दहा पट्ट्यांपेक्षा हा पट्टा जास्त बारकाईने काढलेला होता. नेस्टाने ते पाहिलं आणि लाख वितळवायला घेतली.

तालारला इद्वल आणि त्याची बायको लोवरी चहासाठी तिची वाटच बघत होते. इद्वल चौऱ्याहत्तरचा, बुटका, हसऱ्या डोळ्यांचा. लोवरीला त्याने स्वतःच बाहेर पाठवलं. हाफोडचा पट्टा त्याने सगळ्यात आधी काढला.

"तो अवघड आहे म्हणून," तो म्हणाला. "आधी अवघड संपवावं. पोरी, एक विचारू? त्याने काढला का माझा?"

"ते मी सांगायचं नाही, इद्वल."

"बरोबर. नको सांगूस." त्याने पेन्सिलीचं टोक दाढीला घासलं. "मला कुत्र्याचं दुःख केव्हाच सरलं गं. नंतर चार कुत्रे पाळले. पण रोज त्याच्या घरावरून जाताना वाटतं, आज म्हणेल काहीतरी. एवढ्यासाठी मी रस्ता बदलला नाही."

अकरावं पाकीट बंद करून नेस्टा घरी निघाली. पाकिटं जुळणार याची तिला खात्री होती. पण गाव छोटं आहे, सगळे एकमेकांशी बोलतात, यांनी ठरवून केलं, असं बॅरिस्टर म्हणणारच. त्याला उत्तर एकच होतं, आणि ते या दोन घरांत होतं. सबंध गावात एकमेकांशी न बोलणारी दोनच माणसं होती. त्यांचं भांडण हाच गावाचा पुरावा होता. फक्त तो भर सभेत उघडा करावा लागणार होता.

न विचारता हे करणं तिच्या स्वभावात नव्हतं. जखमेला हात लावायच्या आधी ती नेहमी सांगायची. इद्वलला तिने दुसऱ्याच दिवशी विचारलं. त्याने लोवरीकडे पाहिलं आणि मान हलवली. सुनावणीच्या आदल्या दिवशी ती हाफोडला गेली. एम्रिस कुंपणाच्या झुडपांना वाकवून बांधत होता.

"उद्या मी सांगणार आहे की तुम्ही दोघं बोलत नाही," ती म्हणाली. "मग ते कारण विचारतील. तुम्हाला नको असेल तर आत्ता सांगा, मी दुसरा मार्ग बघते."

एम्रिसने कोयत्याने एक फांदी अर्धी कापली, वाकवली, खुंट्यांमध्ये गुंफली. मग दुसरी घेतली.

"दुसरा मार्ग आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग कशाला विचारता?"

तो पुढच्या फांदीकडे वळला. नेस्टा परतली. झोप मात्र तिला नेहमीसारखी गाढ लागली. जे करायचं ते करून झाल्यावर उगाच जागत बसायची तिला सवय नव्हती.

सुनावणी गावच्या सभागृहात होती. सरकारने नेमलेले आयुक्त मिस्टर ॲशवर्थ, पांढऱ्या भुवयांचे, लंडनहून आले होते. त्यांच्यासाठी बायकांनी मनुकांचा पाव भाजून ठेवला होता. तुडुरने तो आधी दडवून ठेवला, लाच वाटेल म्हणून. एका बाजूला मेजर हॅलम, ताठ आणि सभ्य, आणि त्यांचे बॅरिस्टर मिस्टर पेम्बर्टन. दुसऱ्या बाजूला सगळं गाव रविवारच्या कपड्यांत. म्हाताऱ्यांना वेल्शमधूनच बोलायचं होतं, म्हणून दुभाषी बसला होता.

पेम्बर्टननी कारभाऱ्याची पत्रं वाचून दाखवली. मग नेस्टा साक्षीला उभी राहिली.

"मिस हॉपकिन, तुम्ही या गावच्या नाही," पेम्बर्टन म्हणाले.

"नाही."

"डोंगरावर तुमचा पट्टा?"

"नाही. मी कौन्सिलच्या भाड्याच्या घरात राहते आणि कोळसा विकत घेते."

"मग ही उठाठेव कशासाठी?"

"रोगी आपला आहे की नाही हे बघत बसले असते, तर तेहतीस वर्षं मी कुणालाच हात लावला नसता, सर."

लोक हसले. आयुक्तांनी टेबलावर बोट आपटलं, पण त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. नेस्टाने पाकिटांची गोष्ट सांगितली. पेम्बर्टन शांतपणे ऐकत होते.

"या गावात लोक किती? चाळीस?"

"एकेचाळीस. परवा हायवेलच्या घरी मुलगी झाली."

"हे लोक दर रविवारी एकत्र प्रार्थना करतात. दर बुधवारी एकत्र गातात. आणि या पाकिटांबद्दल ते एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, असं तुम्ही आयुक्तांना सांगताय?"

"नाही," नेस्टा म्हणाली. "ते सगळं बोलतात. माझ्या समोर बोलतात आणि माझ्या पाठीमागे त्याहून जास्त. म्हणूनच माझी विनंती आहे की नऊ पाकिटं बाजूला ठेवा. हवं तर जाळून टाका. फक्त दोन उघडा, हाफोडचं आणि तालारचं. ही दोन माणसं सव्वीस वर्षं एकमेकांशी बोललेली नाहीत."

 आयुक्तांनी दोन्ही पाकिटांवरची लाख स्वतः तपासली आणि नकाशे टेबलावर शेजारी शेजारी पसरले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"ओढ्याच्या वळणापासून एका पांढऱ्या दगडापर्यंत," ते सावकाश म्हणाले. "दोन्हीकडे. आणि तिथून सात पावलं. दोघांनीही सातच लिहिलंय."

"ही न बोलण्याची कथा सोयीची आहे," पेम्बर्टन म्हणाले. "ती खरी कशावरून?"

आयुक्तांनी एम्रिसला बोलावलं. तो पुढे आला, बायबलवर हात ठेवून शपथ घेतली आणि टोपी दोन्ही हातांत धरून उभा राहिला. न बोलण्याचं कारण काय, असं आयुक्तांनी विचारलं.

एम्रिस वेल्शमधून बोलू लागला. आवाज गाण्यात असतो तसाच, खालचा आणि स्पष्ट. बर्फाचं सांगितलं. कोकरांचं सांगितलं. कुत्र्याला गोळी घातली ते सांगितलं, कुठे लागली तेही. प्रत्येक वाक्यानंतर थांबायचा, आणि दुभाषी ते इंग्रजीत सांगायचा.

"तीन आठवड्यांनी खरा कुत्रा सापडला," एम्रिस म्हणाला. "तेव्हा मी जायला पाहिजे होतं. गेलो नाही. पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून. नंतर पहिल्या दिवशी गेलो नाही म्हणून. चूक माझी होती. पेरो चांगला कुत्रा होता. त्याने कधी कोकराला दात लावला नव्हता."

"चूक माझी होती," दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं. "पेरो चांगला कुत्रा होता."

तालारच्या इद्वलने ते असं दोनदा ऐकलं, दोन भाषांत. लोवरीने त्याचा हात धरला होता. नेस्टाने पहिल्यांदाच डोळे खाली वळवले.

पेम्बर्टन कामाला चुकणारे नव्हते. "या डोंगरासाठी तुम्ही दोघांनी अलीकडे समेट केला असेल, आणि मग नकाशे काढले असतील. शक्य आहे ना?"

एम्रिस उत्तर द्यायच्या आत मागून इद्वल उभा राहिला.

"माफ करा, साहेब," तो म्हणाला. "समेट कसला? हा अजूनही माझ्याशी बोललेला नाही. हे सगळं तो तुम्हाला सांगतोय."

दुभाष्याचं भाषांतर पूर्ण व्हायच्या आतच सभागृह हसत सुटलं. मेजर हॅलमही हसले. पेम्बर्टन खाली बसले आणि त्यांनी कागद एकावर एक रचून ठेवले.

आयुक्तांनी मात्र निकाल दिला नाही. ते म्हणाले, डोंगर पाहिल्याशिवाय मी काही ठरवणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गमबूट घालून ते निघाले. बरोबर तुडुर, पेम्बर्टन, मेजर, नेस्टा आणि दोघं म्हातारे. वारा बोचरा होता, वाळलेल्या नेच्यांवरून पाणी ठिबकत होतं. इद्वल सगळ्यांच्या पुढे, एम्रिस सगळ्यांच्या मागे.

ओढ्याचं वळण सापडलं. पांढरा दगड सापडला, झुडपांत अर्धा बुडालेला. आयुक्तांनी स्वतः सात पावलं मोजली आणि बूट आपटला, तर खाली जुन्या कापाची सरळ कड होती, सुरीने कापल्यासारखी. पुढच्या पट्ट्यालाही तशीच. नकाशात जिथे रेघ होती तिथे जमिनीत रेघ होती. नऊ पाकिटंही तोवर उघडली होती. मार्जेडने एक पट्टा उलटा काढला होता, बाकी सगळे जुळले.

आयुक्त खूश होऊन हिरव्यागार शेवाळाच्या एका सपाट तुकड्याकडे वळले. पाऊल टाकणार, तोच एम्रिस आणि इद्वल दोघंही एकदम ओरडले, "डावीकडे." आयुक्तांना ते वेल्श कळलं नाही. ते गुडघ्यापर्यंत आत गेले. दोन्ही म्हाताऱ्यांनी दोन्हीकडून काखेत हात घालून त्यांना उपसून काढलं. एक बूट आतच राहिला.

एम्रिस धापा टाकत कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. मग चराकडे बोट दाखवून, इद्वलकडे न बघता, पण त्यालाच म्हणाला, "तुझ्या बाजूचा चर तुंबलाय. म्हणून इथे पाणी साठतं. किती वर्षं बघतोय मी."

"मग सांगायचं की," इद्वल म्हणाला. "कुणी सांगितलंच नाही."

एवढंच झालं. दोघांनी मिळून आयुक्तांचा बूट काठीने शोधून काढला. डोंगर उतरताना ते एकाच पायवाटेने होते, पाचसहा पावलांचं अंतर ठेवून, आणि चर आधी वरून साफ करायचा की खालून यावर वाद घालत होते. एम्रिसचं म्हणणं वरून. इद्वल म्हणत होता की हाफोडच्या लोकांना पाण्यातलं कधीच काही कळलेलं नाही. नेस्टा मागून चालत होती. तिने वाद मिटवायचा अजिबात प्रयत्न केला नाही.

निकाल सहा आठवड्यांनी टपालाने आला. ओल्वेनने पाकीट न फोडता बुधवारच्या तालमीला आणलं, आणि तुडुरने मोठ्याने वाचलं. अकराही घरांचे हक्क कायम. चराईचे आणि मातीचे. त्या हक्कांना बाधा येईल असं कुंपण घालता येणार नाही. आयुक्तांनी एक वाक्य वेगळं लिहिलं होतं: 'माझ्यापुढे आलेल्या कागदोपत्री पुराव्यांपेक्षा मला दोन पेन्सिलींच्या रेघा अधिक विश्वसनीय वाटल्या.' वाचून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाणं शिकवणाऱ्याने हात वर केला आणि सगळे उभे राहिले. खर्जाच्या ओळीत मधे उभं राहणाऱ्या दोघांपैकी एकाला त्या दिवशी सर्दी होती, त्यामुळे एम्रिस आणि इद्वल यांच्यात एकच माणूस उरला होता. तो मग आपणहून एक पाऊल मागे सरला.

मेजर हॅलमनी मन मोठं केलं. हवेलीजवळच्या उतारावर पाइन लावले आणि मेंढरांच्या लिलावात गावच्या लोकांशेजारी उभं राहू लागले. त्यांना वेल्श शिकवायची जबाबदारी मार्जेडने घेतली. त्यांना तिने आधी काय शिकवलं ते त्यांनी एकदा चॅपेलच्या दारात म्हणून दाखवलं, तेव्हा पाद्रीबुवांना तोंड फिरवावं लागलं.

बाहेरच्यांना वाटतं तशी दोघा म्हाताऱ्यांची मैत्री वगैरे झाली नाही. ते एकमेकांच्या घरी चहाला गेले नाहीत. पण फाटकाशी उभं राहून बोलायचे. चर, पाऊस, कोकरांचे भाव, कुणाच्या गुडघ्याला काय झालंय. एम्रिस पुढे चार वर्षं जगला. शेवटच्या आजारात नेस्टा रोज हाफोडला जायची, निवृत्त असूनही. सकाळी तिला स्वयंपाकघरात इद्वल बसलेला दिसायचा, चूल पेटवत, आणि आतल्या खोलीतून आवाज यायचा की तो चुकीच्या पद्धतीने पेटवतोय.

नेस्टाने मात्र निकालावर समाधान मानलं नाही. म्हातारे गेले की रेघाही जातील, हे तिला दिसत होतं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने गावाला सांगितलं की एका शनिवारी सगळ्यांनी डोंगरावर यायचं, तान्ह्या मुलांसकट. कारण विचारायचं नाही, डबा आणायचा. कुणी विरोध केला नाही. नर्सने सांगितलं म्हणजे ते करायचं असतं, याची गावाला सवय होती.

चौतीस माणसं वर आली. हायवेलने मुलगी पाठीशी बांधून आणली होती. प्रत्येक पट्ट्याशी नेस्टा सगळ्यांना थांबवायची, आणि त्या घरातल्या सगळ्यात लहान बोलत्या माणसाने आपल्या घराचं नाव आणि पट्ट्याच्या चारही हद्दी मोठ्याने म्हणायच्या. मग बाकीच्यांनी त्या म्हणायच्या. पहिल्या तीन पट्ट्यांवर लोक लाजले. चौथ्यापासून आवाज चढले, कारण ओल्वेनच्या पुतण्याने हद्द चुकीची सांगितली आणि तिथे अर्धा तास वाद पेटला. नेस्टाने दगडावर बसून डब्यातला मनुकांचा पाव खाल्ला आणि वाद संपेपर्यंत वाट पाहिली.

"झालं?" मग ती उठत म्हणाली. "अजून सात आहेत. चला."

आणि सगळा घोळका तिच्या मागोमाग वर निघाला.